‘होपफुल’ : एका विशेषणाचा अभ्यास

इंग्रजीतील ‘होपफुल’ हे विशेषण माणसालाही लागते व गोष्टीलाही. मराठीत चिन्ह ‘आशादायक’, माणूस ‘आशावादी’ आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत बसलेला ‘आशाळभूत’!

पैकी ‘आशावादी’ हा खरे तर ‘ऑप्टिमिस्टिक’चा प्रतिशब्द. त्यात ‘वाद’ आहे, म्हणजे भूमिका आली. व्हॉल्तेअरने १७५९ साली ‘कांदीद’मध्ये खिल्ली उडवली ती याच भूमिकेची.

घाटकोपरच्या आमच्या घरात दहावीपुढे शिकणारा मी पहिलाच. माझ्या निकालाविषयी आई ‘होपफुल’ आहे. पण तिचा कोणताही वाद नाही, आणि आशाळभूत तर ती मुळीच नाही. ती एवढेच म्हणते, “आशा आहे.”

तात्पर्य, विद्यार्थिमित्रहो, विशेषणाचे भाषांतर विशेषणानेच करण्याचा हट्ट नको. पुष्कळदा मराठी नामच नेमका अर्थ देते.