खुराड्याची स्वच्छता आणि परिसरातील वनस्पती

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाट डोंगररांगेच्या कुशीत कपिलधार हे तीर्थक्षेत्र वसले आहे. श्री मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा यांमुळे हे स्थान सर्वपरिचित आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास भाविकांच्या दिंड्या येथे येतात, तेव्हा बालाघाटच्या उतारांवरील सीताफळांचा हंगाम ओसरू लागलेला असतो. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. सीताफळाच्या जोडीला पारावर निंब आणि ओढ्याकाठी निरगुडी, अशी ही वनश्री आहे. पाळीव पक्ष्यांच्या निगेसाठी तिचा उपयोग कितपत होऊ शकेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या भागातील वाड्यावस्त्यांवर अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. हौशी मंडळी कबुतरेही पाळतात. अंडी विकून आलेल्या चार पैशांवर घरधनीण मीठमिरची भागवते, मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय करते. साथ आली की हा आधार तीन-चार दिवसांत नाहीसा होतो. अशा वेळी कोणी खुराड्यावर निंबाचा पाला बांधतो, कोणी पाण्यात हळद टाकतो. या उपायांमागे अनुभव आहे; परंतु कोणता उपाय कशावर चालतो, याचा विवेक न राखल्यास नुकसान टळत नाही.

प्रथम झाडू, नंतर औषध

कोणतेही जंतुनाशक विष्ठेच्या थरावर निष्प्रभ ठरते. मग ते निंबाचे असो वा बाजारातील फिनेल असो. म्हणून आधी पक्षी बाहेर काढून खुराडे खरवडावे, साबणाच्या पाण्याने घासावे आणि उन्हात पूर्ण वाळू द्यावे. कडक ऊन व कोरडेपणा हे जंतूंचे मोठे शत्रू होत, आणि मराठवाड्यात उन्हाची वाण नाही. त्यानंतर भिंतींना चुना द्यावा. पाण्याची भांडी रोज राखेने घासावी. हळदीने पाणी निर्जंतुक होत नाही. शंका असल्यास ते उकळून गार करूनच ठेवावे.

निंबाचे कार्य

निंबोळीत अॅझाडिरॅक्टिन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे किडींची वाढ खुंटते व त्यांचे खाणे मंदावते. कोंबड्यांच्या गोचिडी दिवसा लाकडाच्या फटींत दडून बसतात आणि रात्री बाहेर पडून रक्त शोषतात. त्यामुळे औषध पक्ष्याइतकेच, किंबहुना अधिक, फटींना हवे असते.

यासाठी निंबोळीचा पाच टक्के अर्क घरी करता येतो. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घालाव्या. सकाळी फडक्याने गाळून एकूण द्रावण दहा लिटर करावे व त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवावा. उन्हाने अर्काची शक्ती घटते, म्हणून तो त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर रिकाम्या खुराड्यात फवारावा आणि फटींत नीट भरावा. खुराडे वाळल्यावरच पक्षी आत सोडावे. किडींच्या अंड्यांवर अर्काचा प्रभाव थोडा असल्याने आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारणी करणे आवश्यक असते. पक्ष्यांना धूळस्नानासाठी कोरडी माती व चाळलेली राख एका कोपऱ्यात ठेवावी. अंडी घालण्याच्या जागी निरगुडीचा वाळलेला पाला पसरण्याची रीतही उपयुक्त आहे.

सावधगिरी

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते. पण तीच डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. ती पक्ष्यांच्या अंगावर टाकू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. तंबाखूचे पाणीही विषारीच होय. पक्ष्यांची श्वसनसंस्था अतिशय नाजूक असते. बंद खुराड्यात पक्षी असताना निंबाची धुरी देणे किंवा कापूर, निलगिरी तेल यांसारखे उग्र पदार्थ ठेवणे त्यांना अपायकारक ठरते. धुरी द्यावयाची ती खुराडे रिकामे असतानाच द्यावी.

जेथे वनस्पती अपुऱ्या पडतात

राणीखेत, म्हणजेच मानमोडी, हा विषाणूजन्य रोग आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९२६ साली तो ओळखला गेला आणि लवकरच आपल्याकडे कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला. त्यावरून त्यास हे नाव पडले. हिरवट हगवण, धाप लागणे, मान मुरगळणे ही त्याची लक्षणे होत. त्यावर निंब, हळद वा लसूण यांपैकी कशाचाही इलाज चालत नाही. लस हाच त्यावरील खात्रीचा प्रतिबंध आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यांत वा नाकात थेंब टाकून लासोटा किंवा एफ जातीची लस देतात आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचतात. लस बर्फातच न्यावी लागते. साथ शिरल्यानंतर धावपळ करून आजारी पक्षी वाचत नाहीत.

बर्ड फ्लूचाही विसर पडू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला प्रादुर्भाव झाला. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो आढळला. अचानक अनेक पक्षी दगावल्यास त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये, ते ओढ्यात टाकू नयेत आणि उरलेले पक्षी घाईने बाजारातही नेऊ नयेत. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार अशा रोगाची शंका येताच ग्रामपंचायतीस कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोहोचविण्यात पंचायतीने क्षणाचाही विलंब करू नये. येथेच आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपल्या रानातील पोपट पिंजऱ्यात बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. त्याची निगा रानालाच करू द्यावी.

गावाने काय करावे

ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या पिकून गळतात. शाळा उघडण्याचा काळही तोच. शिक्षकांनी मुलांकडून त्या वेचून, धुऊन व सावलीत वाळवून घेतल्या, तर गावाची वर्षभराची गरज भागू शकेल. पंचायत सदस्यांनी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून लसीकरणाचा दिवस ठरवावा आणि त्याची दवंडी वाडीवस्तीपर्यंत पोहोचेल, असे पाहावे. एका कुपीत अनेक पक्ष्यांची लस असते व ती फोडल्यावर टिकत नाही. एकट्याच्या पाच कोंबड्यांसाठी ती आणणे परवडत नाही. सर्वांनी मिळून आणल्यास मात्र सहज परवडते.

निंब खुराड्याचे रक्षण करील. कोंबडीचे रक्षण लसच करील. या दोहोंची सांगड घातली गेली, तर परसातील हे छोटेसे धन साथीच्या तडाख्यातून वाचेल आणि घरधनीणीचा संसाराला लागलेला हातभार टिकून राहील.