हँडी घ्यायच्या आधी

पोरी, व्हीयू३चा कॉलसाइन हातात पडला, आता डिजिटल हँडीचं खूळ डोक्यात शिरणारच. घे की. पण मामाच्या क्रमानं विचार कर. दुकानदार याच्या नेमका उलटा क्रम सांगेल.

पैसे काढायच्या आधी गावात कान दे. कुणाचा तरी सेट मागून आण आणि काही आठवडे नुसतं ऐक. कुठला रिपीटर जिवंत आहे, संध्याकाळच्या नेटवर कोण येतं, ती मंडळी साध्या एफएमवर असतात की डिजिटलवर, हे कळू दे. डिजिटलमध्ये मुख्य पंथ तीन. डी-स्टार जपानी हौशी संघटनेनं उभा केला; त्याचे सेट आयकॉम आणि केनवूडचे. फ्यूजन याएसूचा. डीएमआर मुळात व्यावसायिक वॉकीटॉकीसाठीचं युरोपीय मानक. हौशींनी ते उचललं, म्हणून त्यात स्वस्त चिनी सेट मिळतात. एका पंथाचं बोलणं दुसऱ्या पंथाच्या सेटला थेट कळत नाही. गावात सगळे फ्यूजनवर आणि तू एकटी महागडा डी-स्टार घेऊन बसलीस, तर बोलणार कुणाशी? साधं एफएम मात्र तिन्हींत असतं, आणि सुरुवातीला तुझं निम्म्याहून जास्त बोलणं त्यावरच होईल. तेव्हा सेटचं एफएम आधी तपास.

फ्यूजन सगळ्यांत सोपा. समोरून एफएम आलं की डिजिटल, हे सेट स्वतः ओळखतो. डीएमआरला कॉम्प्युटरवर बसून कोडप्लग भरावा लागतो. टाइम स्लॉट, कलर कोड, टॉकग्रुप यातलं एक चुकलं की रिपीटर उशाशी असूनही सेट मुका. शिवाय कॉलसाइन दाखवून आयडी क्रमांक घ्यावा लागतो. आपल्याकडचे क्रमांक ४०४ने सुरू होतात. तुला कॉम्प्युटरशी झटापट आवडते, म्हणून तू बहुतेक डीएमआरकडेच वळशील. मग टियर २ आहे ना, एवढं खात्रीनं विचार. टियर १चा सेट दोन स्लॉटच्या रिपीटरवर चालत नाही. डी-स्टारचा आवाज मला कधी मानवला नाही, पण तो माझ्या कानाचा दोष समज.

वॅटच्या मागे लागू नकोस. ५ आणि ७ वॅटमधला फरक समोरच्याला कळतही नाही. तेच पैसे अँटेनाला घाल. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहरीची अँटेना साधारण अर्धा मीटर होते; सेटबरोबर येणारा आखूड रबर डक ही निव्वळ तडजोड. आणखी एक जुना तोडगा: ४९ सेंटीमीटर वायर घेऊन तिचं एक टोक अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला जोड आणि दुसरं खाली लोंबू दे. फुकटात फरक पडतो. बोलताना अँटेना उभी धर. मुलं ती आडवी करून तोंडासमोर नाचवतात. नवी अँटेना घेताना सेटच्या कनेक्टरला पिन आहे की भोक ते बघून जा.

डिजिटलचा एक स्वभाव ध्यानात ठेव. एफएमवर माणूस लांब गेला की खरखर वाढत जाते आणि निसटतोय हे आपल्याला कळतं. डिजिटलवर आवाज स्वच्छ असतो, मग दोन शब्द तुटके येतात आणि दार धाडकन लागावं तसं सगळं बंद. ट्रेकला सोबत्यांशी संपर्क ठेवायचा असेल तर मी एफएमच लावीन.

हॉटस्पॉट घेशील तेव्हा घरबसल्या मेलबर्नशी बोलशील, मजा येईल. पण ती मजा इंटरनेटच्या जिवावर. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांच्या एचएफ सेटवरून निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले. मध्ये कुठलाही सर्व्हर नव्हता. म्हणून सिम्प्लेक्सवर, हँडी ते हँडी बोलायचा सराव ठेव.

आपल्याला १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढीच मुभा. परदेशातला सेट याच्या बाहेरही बिनधास्त प्रक्षेपण करतो, तेव्हा पीटीटी दाबण्याआधी त्या मर्यादा सेटमध्ये बांधून टाक. एन्क्रिप्शनचा पर्याय दिसला तरी हात लावू नकोस. हौशी रेडिओवर सांकेतिक बोलणं चालत नाही. अवकाश स्थानकाचा रिपीटर ४३७.८०० वर साध्या एफएममध्ये ऐकू येतो, पण डॉप्लरमुळे वारंवारता दहाएक किलोहर्ट्झ सरकते. म्हणून ट्यूनिंगची ५ किलोहर्ट्झची पायरी सेटमध्ये हवीच.

पावसाळ्यात सह्याद्रीत जाणार असशील तर आयपी६७चा सेट बघ, आयपी५४ म्हणजे फक्त शिंतोडे झेलणारा. जादा बॅटरी वेगळी विकत मिळते का, तेही आधीच विचार. जुना सेट कुणा हॅमकडून घेत असशील तर परवान्याची प्रत आणि पावतीचं बघून घे, मग बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेव. डुगडुगली तर ती फुगलीय. नव्या बॅटरीचे पैसे भावातून वळते करून घे.