पॅकेज वेगळं, पगार वेगळा

चिऊ, पेढे वाटून झाले असतील तर ऑफर लेटर पुन्हा उघड. पहिलं पान नको, शेवटचं. आकड्यांचं कोष्टक तिथेच असतं.

3 लाख 60 हजारांना बारानं भागून तू तीस हजार काढलेस आणि तुझ्या आईनं त्यातून आरडीही ठरवली. ते तीस हजार विसर. दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे तीन हजार दरमहा हातात नाहीतच. रेटिंग आणि कंपनीची मर्जी जुळली तर मिळतील. बेसिक पंधरा हजार, म्हणून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, तोही तुझ्याच पॅकेजमध्ये मोजलेला. ग्रॅच्युइटीचे सातशेवीस, ती पाच वर्षं टिकलीस तर. वर तुझा स्वतःचा पीएफ 1,800. उरले साडेबावीस. हिंजवडीतली खोली या साडेबावीसवर बघ. आणि हो, महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही. स्लिपमध्ये कापलेला दिसला तर एचआरला मेल टाक, लाजू नकोस.

बॉन्ड असेल तर किती महिने आणि किती रुपये, एवढंच वाच. बाकी सगळं वकिली मराठीसारखंच वकिली इंग्रजी. मात्र मूळ मार्कशीट कोणाच्या हातात देऊ नकोस. मी दिल्या होत्या. दुसरी नोकरी चालून आली तेव्हा त्या कपाटाची किल्ली अडीच महिने "रजेवर" होती. दाखवायच्या, झेरॉक्स द्यायची, परत पिशवीत.

नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे, हे आजच लक्षात ठेव. पीएफचा खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, एकच ठेवायचा, कंपनी बदलली तरी.

प्रोजेक्ट न देता बेंचवर बसवलं तर रडत फोन करू नकोस. पगार चालू असतो. तेवढ्यात एसक्यूएल पक्कं कर. मॅनेजर तोंडी "शनिवारी ये जरा" म्हणाला तर जा, पण संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाक: आज आले, हे केलं. कॉम्प-ऑफ मागताना तोच कामाला येतो. रात्री साडेनऊनंतर काम असेल तर तुझी संमती आणि घरी सोडायला गाडी, दोन्ही कायद्यानं लागतात. "ओला करून जा, बिल देऊ" हे चालवून घेऊ नकोस.

पहिली सॅलरी स्लिप आली की मला व्हॉट्सअ‍ॅप कर. पार्टी नंतर.