पेटी माळ्यावर टाकण्याआधी

आई-बाबांनो,

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमारास जुईनगरच्या माझ्या छोट्याशा क्लासात एक वाक्य ठरल्यासारखं ऐकू येतं. "ताई, यंदा दहावी आहे. गाणं बंद करतोय. पुढे बघू." बोलणारे बाबा लोकलच्या गर्दीतून थेट आलेले असतात, पाठीवरची बॅगसुद्धा उतरवलेली नसते. मूल खाली मान घालून चपला चढवत असतं. तेव्हा मी काही बोलत नाही. दमलेल्या माणसाशी काय वाद घालायचा? पण आज बोलते.

वसंतराव देशपांडे तुम्हाला ठाऊक आहेत. 2022 साली आलेला 'मी वसंतराव' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. त्यात त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनीच, आजोबांची भूमिका केली आहे. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण सगळे त्यांच्या गळ्याबद्दल बोलत होतो. मला मात्र घरी येईपर्यंत त्यांची नोकरी आठवत राहिली.

2 मे 1920 रोजी मूर्तिजापूरला जन्मलेल्या या मुलाला आईने नागपुरात एकटीच्या बळावर वाढवलं. घरात पैशाची चणचण होती, तरी मुलगा शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकत राहिला. शाळकरी वयात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात तो कृष्ण झाला. असं मूल आपल्या सोसायटीत असतं तर आपण त्याला लगेच टीव्हीवरच्या स्पर्धेत उभं केलं असतं, नाही का? पण वसंतराव मोठे झाले आणि पुण्यात मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. ती नोकरी त्यांनी जवळजवळ 24 वर्षं केली. मधे बदली होऊन थेट नेफात, ईशान्येच्या सीमेवर, जावं लागलं. संसार होता, पगार हवा होता. तुमच्या-आमच्यासारखंच.

त्या 24 वर्षांत गाणं थांबलं नाही, आणि मला सांगायचंय ते एवढंच आहे. कचेरी सांभाळून ते शिकत राहिले, ऐकत राहिले, बैठकींत गात राहिले. तरुणपणी लाहोरला असद अली खाँ यांनी त्यांच्याकडून कितीतरी दिवस एकटा मारवाच घोटून घेतला, असं सांगतात. पुढे सुरेशबाबू माने यांची किराण्याची गायकी त्यांनी घेतली, अमान अली खाँ यांच्याकडून भेंडीबाजारची घेतली. मास्टर दीनानाथांचं गाणं तर मनात कायमच होतं. लोक विचारत, यांचं घराणं कुठलं? ते एका चौकटीत बसत नाहीत म्हणून नाकं मुरडणारेही होते. आणि नेमकं तेच वेगवेगळ्या ठिकाणचं वेचलेलं धन त्यांच्या गळ्यात एक झालं आणि त्यांचं स्वतःचं गाणं उभं राहिलं.

नवं सुचतं ते असं. म्हणून तुमची मुलगी भूपाचे पलटे म्हणता म्हणता मधेच एखाद्या सिनेमाच्या चालीत शिरली, तर दारातून "नीट गा" असं ओरडू नका. ती त्या चालीतले सूर शोधत असते. तिला परत भूपात आणायचं काम माझं आहे, मी ते करते.

नोकरी सोडल्यावर, 1967 साली, 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. वय 47. घरोघरी नाव झालं ते तेव्हा. 30 जुलै 1983 ला ते गेले, म्हणजे ते यश भोगायला त्यांना जेमतेम 16 वर्षं मिळाली. 'अष्टविनायक' चित्रपटातलं लेकीच्या पाठवणीचं त्यांचं गाणं आजही लग्नघरात लागलं की मुलीचे वडील तोंड फिरवून डोळे पुसतात. त्या आवाजात कारकुनीची ती सगळी वर्षंही आहेत, असं मला नेहमी वाटतं.

माझी पेटी मी दहावीला असताना माळ्यावर गेली. घरच्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना माझी काळजी होती. पण ती खाली आली बारा वर्षांनी. भाता फाटलेला, निम्मे सूर मुके. पेटी दुरुस्त झाली. माझा गळा सुटायला मात्र त्यानंतर बरीच वर्षं गेली, आणि काही जागा आजही सापडत नाहीत. परीक्षेत मला किती टक्के जास्त मिळाले, ते कुणीच सांगू शकणार नाही.

तुमचं मूल वसंतराव होईल असं वचन मी देत नाही. वाशीच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा यंदा देऊ नका, स्पर्धा सोडा, गॅदरिंगचं गाणं सोडा. फक्त रोजची वीस मिनिटं राहू द्या. गणिताने डोकं शिणलेलं मूल सा लावून बसलं तर त्याचा अभ्यास बुडत नाही, हे मी माझ्या समोर बसलेल्या कितीतरी मुलांत पाहिलंय.

येत्या जूनमध्ये बंद करायचं सांगायला याल, तेव्हा मुलालाही आत बोलवा आणि त्याच्यासमोर बोलू. आठवड्याला एकच तास ठेवू, फीचं नंतर बघू. पेटी तेवढी माळ्यावर टाकू नका.