मेंबर वाढले, बोलणारे आटले

बोर्ली पंचतनला बसून आम्ही मराठीत ऑनलाइन रोलप्ले खेळतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून गोष्ट पुढे लिहायची. काळ १७३३चा, बाजीराव आणि सेखोजी आंग्रे जंजिऱ्याच्या सिद्दीवर चालून आले तेव्हाचा. विषय शोधत लांब जावं लागलं नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याचा हा पट्टा १९४८पर्यंत जंजिरा संस्थानातच होता. २०२०च्या लॉकडाउनमध्ये गावातली पोरं, मुंबईचे चाकरमानी आणि आखातात नोकरीला असलेले शेजारी मिळून खेळ सुरू झाला. कोण सिद्दीकडे, कोण आंग्र्यांकडे, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. त्यामुळे मोहल्ल्यातला पोरगा आंग्र्यांचा तांडेल व्हायचा आणि पाखाडीतली मुलगी सिद्दीचा किल्लेदार. रात्री जेवणं आटोपली की गोष्ट अशी रंगायची की झोप उडायची.

मग मेंबर वाढवायची टूम निघाली. गावचे, कॉलेजचे, क्रिकेटचे, इतिहासप्रेमींचे, दिसेल त्या ग्रुपवर लिंक गेली. बघता बघता आमचा ग्रुप फुगला. नवे आलेले पात्र घ्यायचेच नाहीत. सिद्दी आणि मराठे म्हणजे आजचे तुम्ही-आम्ही असं धरून बोलायचे. भांडण झालं असतं तर बसून मिटवता आलं असतं. जुने खेळाडू मात्र काही न बोलता लिहायचेच थांबले. त्यातच सगळ्यांचे नंबर उघडे असल्यामुळे मुलींना अपरात्री खासगी मेसेज येऊ लागले, आणि त्या एकेक करून बाहेर पडल्या. यादी लांबलचक आणि गोष्ट ठप्प.

असले खेळ नवे नाहीत. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८मध्ये असा एक सुरुवातीचा खेळ रचला. पुढे १९९६मध्ये बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कमाईसाठी येणारे, धुंडाळायला येणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्याला नमवायला येणारे. चौथे वाढले की तिसरे आधी निघून जातात, हे त्यांचं निरीक्षण मी आमच्या ग्रुपात डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून सांगतो, लिंक उघड्यावर टाकू नका. जुन्या मेंबरने ओळखीतला एक माणूस आणावा आणि पहिली गोष्ट संपेपर्यंत त्याला सांभाळावं. नंबर दिसणार नाही असं ॲप घ्या. टेलिग्रामवर ते सेटिंग आहे, डिस्कॉर्डवर टोपणनावाने वावरता येतं. मुलीची तक्रार आली तर बैठक भरवत बसू नका, त्या माणसाला त्याच रात्री काढा.

नवा माणूस टिकतो तो त्याच्यावाचून कोणाचं तरी अडतं म्हणून. त्याला आल्या आल्या काम द्या: निरोप त्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे. आणि लिहायचं कसं ते दाखवा. एका नव्या मुलाने लिहिलं, ‘मी तलवार उपसली, दहा जण कापले, दरवाजा उघडला.’ पुढे कोणी काय लिहिणार? सगळे गप्प. त्याच प्रसंगात एका मुलीने लिहिलं, ‘तांडेलाने दिवा विझवला. मागच्या होडीत कोणीतरी खोकलं.’ लगेच तिघे धावले: एकाने तोंड दाबलं, एकाने तटावरून आवाज दिला, एक म्हणाला, खोकणारा मीच. आपल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. तरीही खेळ रात्रभर चालतो, कारण प्रत्येक नट समोरच्यासाठी धागा सोडतो.

वैरही खेळापुरतंच ठेवा. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शाहीर एकमेकांना सवालांनी घायाळ करतात, पण सवाल फडापुरताच असतो. आमच्याकडे आता पात्रांचा एक ग्रुप आणि माणसांचा वेगळा. किल्लेदाराला शिव्या घालायच्या तर पहिल्यात. दुसऱ्यात जेवलात का, एसटी लागली का.

गैरहजेरीवर कधी चिडू नका. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. पोफळी झोपल्या, पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नाही, रेंज नाही. बोर्लीतलं कोणीच लिहू शकलं नाही. त्या काळात मुंबई आणि आखातातल्या मंडळींनी आमची पात्रं मारली नाहीत, दुसऱ्यांना दिलीही नाहीत. आमच्या होड्या खाडीत नांगरून ठेवल्या. तेव्हापासून सुट्टीला आम्ही ‘नांगर टाकला’ म्हणतो. परीक्षा, बाळंतपण, कारण काहीही असो. तेवढा एक शब्द लिहायचा, कोणी खोदून विचारत नाही, आणि परत आल्यावर होडी जागेवर मिळते. परतीची वाट उघडी असली की माणसं परत येतात. ज्याला कायमचं जायचंय त्याच्या पात्राला गोष्टीतच निरोप द्या, सगळ्यांनी मिळून.

गोष्ट वर्षभर ताणू नका. आमची आता गणपतीनंतर सुरू होते आणि शिमग्याआधी संपते. मग नव्या चिठ्ठ्या पडतात, बाजू बदलतात आणि ॲडमिनही बदलतो. गेल्या खेपेचा ॲडमिन सध्या साधा खलाशी आहे, आणि रोज लिहितो.