शीतसाखळी : औषध व्यापारातील नवी वाट, नवी अमानत

औषध वेळेवर पोहोचले की व्यापाऱ्याचे काम संपले, असा समज आजवर होता. आता ते किती अंशांत पोहोचले, हेही पाहावे लागते. इन्सुलिन, बहुतेक लसी आणि सजीव पेशींपासून तयार होणारी इंजेक्शने 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात. कारखान्यापासून रुग्णापर्यंत हे तापमान टिकविणाऱ्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात.

हिचे महत्त्व देशाला 16 जानेवारी 2021 रोजी कोरोना लसीकरण सुरू झाले तेव्हा कळले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड लस 2 ते 8 अंशांत टिकत होती, म्हणून ती खेड्यांपर्यंत नेता आली. फायझरच्या लशीला त्या वेळी उणे 70 अंशांच्या आसपासची थंडी लागत होती.

बाजाराचा कल आता दोन दिशांना दिसतो. एक, मधुमेह व लठ्ठपणावरील नवी इंजेक्शने येत आहेत. मौंजारो भारतात मार्च 2025 मध्ये आले, वेगोवी जून 2025 मध्ये. तीही थंडीतच साठवावी लागतात. दोन, उष्णता सोसणाऱ्या लसींचे प्रयत्न होत आहेत. सीरमच्याच मेनआफ्रिव्हॅक या लशीला 2012 मध्ये 40 अंशांपर्यंत चार दिवस बाहेर ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु ही मुभा प्रत्येक औषधाला नाही.

आता परळी तालुक्यातील आपले सिरसाळा पाहू. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीज कधी जाईल याचा नेम नाही. साखळीचा शेवटचा आणि सर्वांत कच्चा दुवा येथेच आहे : एस.टी.तून आलेली थर्माकोलची पेटी, दुकानातील फ्रीज आणि गिऱ्हाईकाच्या हातातील पिशवी.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लसी, इन्सुलिन आदींच्या किरकोळ विक्रीसाठी नमुना 21 चा परवाना लागतो. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करावी. औषध बर्फाला चिकटवू नये. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. फ्रीजच्या दारात औषध ठेवू नये व त्यात खाण्याचे पदार्थ भरू नयेत. वीज गेल्यास दार उघडू नये. पेटी आली की थंडावा तपासूनच सही करावी. वापरात असलेले इन्सुलिन घरी थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते, हेही गिऱ्हाईकाला सांगावे. मुदत मात्र वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच धरावी.

शेवटी मुद्द्याची गोष्ट. उन्हाने बिघडलेले इन्सुलिन पुष्कळदा चांगल्यासारखेच दिसते. रुग्ण ते टोचत राहतो, साखर मात्र उतरत नाही. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपण ऐकलेला आहे. तो ओला माल वर ठेवावा, म्हणजे लोकांना दिसेल, असे त्यांनी विक्रेत्याला सुनावले होते. आपल्या फ्रीजमधला ओलावा कोणालाच दिसत नाही. तो फक्त दुकानदाराला ठाऊक असतो. रात्रभर वीज गेलेल्या फ्रीजमधील माल संशयास्पद वाटला तर तो विक्रीतून बाजूला काढून कंपनीला किंवा स्टॉकिस्टला विचारावे. त्यात काही शेकड्यांचे नुकसान होईल, पण रोजी हलाल राहील आणि विश्वास टिकेल. गावच्या बाजारात तेच खरे भांडवल आहे.