परक्या मालाची दलाली : माल कोणता निवडावा?

अडतीचा व्यवहार कोल्हापूरकडील शेतकऱ्यास नवा नाही. शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसविली. तेव्हापासून आपल्या भागातील गूळ अडत्याच्या दुकानी उतरत आला आहे. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आणि सौदा घडवून आणण्याबद्दल अडत्यास ठरावीक टक्के. हल्ली आपल्या सभासदांची शिकलेली मुले 'अफिलिएट मार्केटिंग' म्हणून जो धंदा करू पाहतात, त्याचे मूळ याहून फारसे निराळे नाही. आपल्या संकेतस्थळावर एखाद्या वस्तूची माहिती लिहावयाची, तेथेच विकणाऱ्या कंपनीची लिंक द्यावयाची, व त्या वाटेने जाऊन कोणी खरेदी केली म्हणजे कंपनीने कमिशन द्यावयाचे. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत अमेरिकेत १९९६ साली सुरू केली.

भेद आहे तो असा की, अडत्या माल उतरवून घेतो, वजन करतो, प्रसंगी उचलही देतो. लिंक देणारा दलाल मालास हातसुद्धा लावीत नाही. त्याचे भांडवल म्हणजे केवळ त्याचा शब्द. आणि तो शब्द कोणत्या मालावर खर्च करावा, यावरच सारा नफातोटा अवलंबून राहतो.

नवशिका मनुष्य प्रथम टक्केवारी पाहतो. हे धोरण कितपत बरोबर आहे, ते एका कल्पित हिशोबाने पाहू. समजा, १,५०० रुपयांच्या कोल्हापुरी चपलेवर ८ टक्के, आणि ३,००० रुपयांच्या पाठीवरील बॅटरी-पंपावर ४ टक्के कमिशन आहे. दोहोंवर नगास १२० रुपयेच सुटतात. परंतु परत आलेल्या मालावर कमिशन मिळत नसते. दहा जोडांपैकी चार माप न जुळल्यामुळे परत गेले तर हाती ७२० रुपये येतील. दहा पंपांपैकी एकच परत गेला तर १,०८० येतील. दर निम्मा असून उत्पन्न दीडपट! चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच धाटणीची पादत्राणे मांडल्यावर तिचे नाव जगभर गाजले, हे खरे. तथापि गाजलेल्या नावामागे दलालही पुष्कळ धावतात. ज्यास हाच माल घ्यावयाचा असेल त्याने पाऊल कागदावर ठेवून माप कसे काढावे, हे चित्रांसह समजावून द्यावे. त्याचा माल कमी परत येईल.

गुळाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरी स्वतःचे गुऱ्हाळ आहे त्याने दुसऱ्याच्या गुळावर किलोमागे चार-पाच रुपयांची आशा धरू नये. अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी करून आपलाच गूळ विकावा.

आता स्थळाचा घाट. भावांची तुलना करणारे स्थळ एकट्या माणसाचे काम नव्हे. हजारो वस्तूंचे भाव घटकेघटकेस बदलतात. पन्हाळगडाच्या प्रवासाची माहिती देऊन निवासगृहांच्या लिंका द्याव्यात, हा विचार अनेकांस सुचतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळाही आहे. परंतु पाहुणा माहिती आपल्या पानावर वाचून खोली मात्र परस्पर फोनवर ठरवील, तर कमिशन बुडाले.

आमच्या मते एकच काम धरून त्याची अथपासून इतिपर्यंत माहिती देणारे छोटे स्थळ शेतकऱ्याच्या मुलास अधिक मानवेल. उदाहरणार्थ, उसास रात्रीचे पाणी पाजणे. वारणाकाठी व कासारीकाठी रात्रीच्या विजेवर पाणी पाजलेले नाही असे घर विरळा. डोक्यास बांधावयाची बॅटरी प्रत्यक्ष किती तास चालते, चिखलात कोणता गमबूट फाटत नाही, मोबाईलवरून मोटर चालू करणारा स्टार्टर कमी दाबाच्या विजेवर टिकतो काय, हे खरेदीपूर्वी प्रत्येकजण विचारतो. कंपनीच्या जाहिरातीत याचे उत्तर नसते, वापरणाऱ्यापाशी असते.

पिकांची 'टॉनिके' व औषधे यांवर कमिशन भरघोस देऊ करतात. तेथे हात आवरावा. कीटकनाशके विकण्यास १९६८ च्या कायद्याने परवाना लागतो. जैव-उत्तेजकेही २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली. बॅटरी वाईट निघाली तर ग्राहकाचे काही शे रुपये जातील. औषध खोटे निघाले तर एकराचे पीक जाईल, आणि तो ग्राहक बहुधा आपलाच भाऊबंद किंवा पाव्हणा असेल.

एकाच कंपनीवर विसंबू नये. २०२० च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरावरील कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर व किराण्यावरील ५ वरून १ वर आणले. दलालांना ते निमूटपणे स्वीकारावे लागले. आपणांस कमिशन मिळते, हे वाचकांस उघड सांगणे ग्राहक संरक्षणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आवश्यक आहे. ते लिंकेच्या जवळच, मराठीत व ठळक लिहावे. शेवटी वहीसंबंधी. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असले तरी हे कमिशन शेतीचे उत्पन्न नव्हे. सबब त्याची जमा वेगळ्या खात्यावर घ्यावी, आणि कंपनीने कापलेल्या कराचा दाखला त्याच वहीत लावून ठेवावा.